इटलीतलं कार्ड, दोहातला फोन

आमच्या दोहात गाडीतून खाली उतरणं म्हणजे कमीपणा. चहा पाहिजे? दुकानासमोर हॉर्न मारा, माणूस कप घेऊन काचेपाशी येतो. पेट्रोल पंपावर तीच तऱ्हा. काच खाली, कार्ड बाहेर, आणि पिन नंबर पंपवाल्याला असा खणखणीत सांगायचा की मागच्या गाडीतल्यालाही पाठ व्हावा. माझा नवरा यात पटाईत. मी कितीदा खेकसले असेन, "अहो, दवंडी पिटताय का नंबराची?" तर म्हणायचा, "अगं, इथं कोण चोरतंय?" आणि खरंच, इतक्या वर्षांत इथं एक रियाल गेला नाही. त्यामुळं सवय हाडात मुरली.

तो इथून जवळच दुखान गावी तेलाच्या कामावर वेल्डिंग तपासतो. कंपनीनं त्याला इटलीला पाठवलं, तिथल्या कारखान्यात आमच्यासाठी तयार होणारे व्हॉल्व्ह पास करायला. विमानतळावर उतरायचं, भाड्याची गाडी घ्यायची, कारखान्यात जायचं. सोबत मी क्रेडिट कार्ड दिलं. कार्ड मुळात माझं, दोघांचा पगार जमा होतो त्या माझ्या खात्यावरचं. त्याला त्यावरचंच दुसरं काढून घेतलेलं. म्हणजे तिकडं त्यानं कार्ड लावलं की इकडं माझ्या फोनवर मेसेज. मला त्याची गंमत वाटायची. कॉफीचा मेसेज आला की मी लगेच फोन करायची, "काय, एकटेच पिताय होय?"

तो शुक्रवार होता, इथला सुट्टीचा वार. फरीज बिन ओमरान भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये मटण शिजत होतं आणि धाकटा दीर जेवायला आला होता. तो इथंच ड्रायव्हर. बायको गावी, कराडला. हा कंपनीच्या खोलीत राहतो आणि शुक्रवारी आमच्याकडं जेवतो. सासरे लवकर गेले, पाठोपाठ सासूबाई. माझ्या नवऱ्यानंच याला वाढवलं, लायसन काढून दिलं, व्हिसा करून इथं आणलं. दादा म्हणजे त्याचा देव. मी त्याला कायम "भाऊजी, तुम्ही" म्हणत आलेली, आणि तो मला "वहिनी, तुम्ही".

पहिला मेसेज पेट्रोलचा आला. पाठोपाठ एटीएममधून पैसे काढल्याचा. लगेच दुसऱ्या एटीएमचा. मग मोबाईलच्या दुकानाचा. पाण्याची बाटली घेताना दहादा विचार करणारा माझा माणूस, तो मोबाईल कशाला घेतोय? मी फोन लावला. रिंग वाजत राहिली. मग कुणी मुद्दाम उचलला की झटापटीत दाबला गेला, देव जाणे, पण कानात स्पष्ट आलं, "आई गं!" मग धप्प असा आवाज, परक्या भाषेत कुणीतरी गुरकावलं, आणि फोन बंद. परत लावला तर लागेचना.

"मुडद्यांनो, तुमचं थडगं बांधलं!" मी बंद फोनमध्ये ओरडले. मग शेगडी बंद केली.

नवऱ्याच्या कंपनीतल्या ऑफिसरला फोन केला. तो म्हणाला, कारखान्याला कळवतो, ते पोलिसांना कळवतील, इन्शाल्ला. तेवढ्यात परत मेसेज. आणखी एक एटीएम. मी बँकेचं ॲप उघडून बसले. कुठल्या गावातून कुठं चाललेत ते दिसत होतं. एक मशीन एका वेळी ठराविकच पैसे देतं, म्हणून मेले मशीन-मशीन हिंडत होते.

"वहिनी, कार्ड बंद करा," दीर म्हणाला.

"नाही."

"अहो, बंद करा आधी! दादाचं पाकीट अन् फोन मारलाय कुणीतरी. दादा पोलीस चौकीत बसला असंल."

"तुमच्या दादाला धरून ठेवलंय त्यांनी. मी आवाज ऐकला."

"तुम्हाला भास झाला असंल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "भास? इटलीत 'आई गं' म्हणणारा दुसरा कोण आहे? कार्ड चालतंय तोवर त्यांना तो पाहिजे. कार्ड बंद झालं की राग कुणावर काढतील? कळतंय का काही?"

त्याला कळत नव्हतं असं नाही, त्याला ते ऐकायचंच नव्हतं. त्याच्या डोळ्यांपुढं दादाचा घाम होता, उन्हातली इतकी वर्षं होती, आणि ते सगळं कुणीतरी सोदे मशीनमधून ओढून नेत होते. आणखी एक मेसेज वाजला आणि त्यानं माझ्या हातातून फोन हिसकावला. ॲप उघडंच होतं. कार्ड तात्पुरतं बंद करायचं बटण समोर. त्यानं अंगठा दाबला.

मी पळी उचलली आणि त्याच्या कानशिलात हाणली. गरम रस्सा लागलेली पळी. तो कळवळला, पण फोन सोडेना. परत हाणली, कान फाटला, रक्त आलं. त्यानं माझं मनगट पिरगळलं, पळी पडली, मी त्याच्या दंडाला चावले. खरंच चावले, तोंडात रक्ताची चव आली. आम्ही दोघं ओट्यावरून फ्रिजवर, फ्रिजवरून भिंतीवर. कपबश्या फुटल्या, मटणाचं पातेलं उलथलं. "सोड! सोड भाड्या, मारशील त्याला!" मी अरे-तुरेवर आले होते आणि मला त्याचं भानही नव्हतं. तो मला ढकलून बाथरूममध्ये घुसला आणि आतून कडी लावली.

"थोडा वेळ फक्त, वहिनी! जातील निघून!" आतून ओरडत होता. रडतही होता.

मी दारावर लाथा घातल्या. आत फोन वाजला. व्यवहार नाकारल्याचा मेसेज असणार, दुसरं काय असणार? मी स्टूल उचललं आणि दारावर घातलं. परत फोन वाजला. परत नाकारला. असल्या फ्लॅटांची दारं पुठ्ठ्याची. चौथ्या-पाचव्या दणक्यात कडी निखळली. तो कमोडवर बसला होता, एका हातानं कान दाबून. मी स्टूल डोक्यावर उगारलं. हाणलं असतं तर मेला असता, आणि मी हाणणार होते, खोटं कशाला बोलू. त्यानंच फोन पुढं केला.

मी कार्ड चालू केलं. रक्तानं बोट घसरत होतं, साडीला पुसून परत दाबावं लागलं. मग आम्ही तिथंच, फुटलेल्या दारात, फोनकडं बघत बसलो. आणि मेसेज आला. पैसे काढले. मला लुटलं जात होतं आणि मी देवाला हात जोडत होते.

मेसेज संध्याकाळपर्यंत येत राहिले. मग थांबले, आणि तो वेळ मी कसा काढला ते मला आजही सांगता येत नाही. अंधार पडता पडता अनोळखी नंबरवरून फोन आला. नवरा होता. जीभ जड, बोलणं बोबडं, पण तोच. कुठल्याशा शेताच्या कडेला त्याला गाडीतून फेकून दिलं होतं, एका ट्रकवाल्यानं उचललं. "जिवंत आहे," म्हणाला. मी हंबरडा फोडला. दिरानं माझ्या पायावर डोकं ठेवलं, मी पाय काढून घेतला.

नवरा आठवड्यानं परत आला. पुढचे दात गेलेले, डोळा काळानिळा, उजवा हात प्लॅस्टरात. तो आठवडाभर मी एकच गोष्ट घोकत होते. हा येऊ दे, आणि समोरासमोर सांगते, तुमच्या लाडक्या भावानं काय केलं ते. शुक्रवारी दीर जेवायला आला. कानाला पट्टी होती. गाडीचं दार लागलं म्हणाला. मी भाकरी वाढल्या आणि सांगायची वेळ बघू लागले.

नवरा सांगायला लागला. पंपावर गेला, हॉर्न मारला, कुणी येईना. तिथं मशीनच, माणूस नाही, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. परत हॉर्न मारला तेव्हा एक जण हसत आला. यानं काच खाली केली, कार्ड दिलं, नंबर सांगितला. पेट्रोल भरून झालं आणि तो माणूस कार्ड घेऊन चालायला लागला. हा उतरला, त्याची कॉलर धरली, तर आणखी दोघे आले. याला मोकळा सोडला तर कार्ड बंद करेल, म्हणून याच्याच गाडीत मागं कोंबला.

"मारलं सुरुवातीला, मग नुसतं दाबून धरलं होतं," तो म्हणाला. "चाललं होतं त्यांचं. अन् मधीच मशीन पैसे देईना. त्यांना वाटलं, मीच काहीतरी डाव केला. खरा नंबर सांग म्हणाले, हातानं खुणा करून. अरे, एकच तर नंबर. दुसरा आणू कुठनं? तोच सांगितला, तर हे बोट मागं वाकवून मोडलं. त्यातला एक परत गेला, परत मशीन नाही म्हणालं. मग हे दुसरं. तिसऱ्यांदा मी तोच नंबर सांगितला, रडत, अन् पैसे आले बघ. मशीनच बिघडलं असणार मधी."

दिराचा हात ताटात तसाच राहिला. मी त्याच्याकडं बघितलं. तोंड पांढरंफटक.

"दादा," तो म्हणाला, "मशीन नव्हतं रे. मी..."

"जेवा तुम्ही!" मी ओरडले. नवराही दचकला. "मशीनच बिघडलं होतं. तिकडची मशिनं तसलीच."

माझ्या तोंडून ते कसं निघालं मलाच कळलं नाही. त्याच्यावरचा माझा राग गेला नव्हता. अजूनही गेलेला नाही. त्याचा तो कान दिसला की वाटतं, आणखी एक हाणायला हवी होती. पण माझ्या माणसाची दोन बोटं मोडली होती. वर भाऊ कशाला घालवू त्याचा?

नवऱ्यानं ताट दिराकडं सरकवलं. "भाकरी कुस्कर रे जरा. ह्या हातानं होत नाही."

दिरानं भाकरी कुस्करायला घेतली. डोळ्यांतून धारा लागलेल्या, त्या ताटात पडत होत्या.

"रडतो काय येड्या?" नवरा हसत म्हणाला, दात नसलेलं हसू. "आलो की परत. रस्सा घाल, वहिनीकडनं घे अजून."

मी रस्सा वाढला. दीर कुस्करत राहिला.