पीपी नंबर

पनवेलच्या एसटी स्टँडामागे एका बाईंचा टेलिफोन बूथ होता. बाई जवळच्याच गावच्या. दर फोननंतर रिसीव्हर पदराने पुसायच्या आणि "काय हाय?" असं विचारायच्या, की मी परतच फिरायचो.

माझी शाळा सातवीत सुटलेली, गाव लातूरकडे, काम गोदामात हमालीचं. दिवसभर पोती उचलून अंग मोडायचं, पण खरा घाम फुटायचा तो बूथवर. आमचा पीपी नंबर, म्हणजे फोन शेजारच्या सरांकडे. आधी त्यांना "आईला बोलवता का?" म्हणायचं, आणि मागे रांगेतली माणसं ऐकत उभी. माझी जीभच उचलायची नाही. बाईंनी ते ओळखलं. मग सरांशी त्याच बोलायच्या, आईला माझी खुशालीही त्याच सांगायच्या. मी नुसता उभा. त्यातच मला बरं वाटायचं.

एकदा मात्र आई फोनवर आल्यावर त्यांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला.

"आयशीला तुजा आवाज पायजे, माजा नाय."

मी मागे पाहिलं. रांग माझ्याकडे बघत होती. तशा बाई वळल्या आणि विनाकारण रांगेवर तुटून पडल्या, "ढकलता कशाला? हितं काय जेवनाची पंगत हाय?" सगळे त्यांच्याशी भांडायला लागले. माझं बोलणं ऐकायला कोणी उरलंच नाही.

"आई," मी म्हणालो.

"कोन भांडायलंय रं तिथं?" आईचा आवाज घाबरलेला.

"भिऊ नको गं. आपल्याच बाई हायत."