उकंडरावची जीभ

सरस्वतीबाईनं नर्सच्या नोकरीत पुष्कळ सोसलं होतं. अंगावरच्या ओकाऱ्या, पेशंटांच्या शिव्या, नातेवाइकांचे वटारलेले डोळे. घरी जाऊन आंघोळ केली की ते निघून जायचं. एक गोष्ट तेवढी गेली नाही.

महाराष्ट्र नुकता झाला होता तेव्हाची. मेहकरकडच्या एका सरकारी दवाखान्यात ती होती. उकंडराव हा तिथला बडा कास्तकार. त्याची बायको बाळंतपणात अडली. घरच्यांनी तिला सुईणीच्या भरवशावर ठेवून घेतलं आणि अगदी शेवटी बैलगाडीत घालून आणलं. ती गेली. उकंडरावनं भरल्या वॉर्डात सरस्वतीबाईच्या थोबाडीत दिली. "हिनंच मारलं माह्या बायकोले," म्हणाला.

डॉक्टर तिला बाजूला घेऊन म्हणाले, "मोठा माणूस आहे. तुम्हीच माफी मागा."

तिनं मागितली. हात जोडून, सगळ्यांसमोर.

सात-आठ वर्षांनी तोच उकंडराव लकवा मारून त्याच दवाखान्यात आला. उजवं अंग लुळं, वाचा बंद. सरस्वतीबाईनं पाण्याचा गिलास मुद्दाम त्याच्या लुळ्या हाताकडं ठेवला आणि खिडकीशी उभी राहून बघत राहिली. तो डाव्या हातानं गादी चाचपडत होता. तिला त्यानं ओळखलं होतं. तिला बरं वाटलं, पण तेवढ्यानं भागेना. पुढं पाणी पाजताना तिच्या ध्यानात आलं, याला बोलताच येत नाही, तर हा माफी मागणार कशी?

मग ती त्याच्या मागंच लागली. वेखंड उगाळून जिभेवर लावायची, गाल चोळायची.

"म्हणा, पा. आता, मा."

तो दमायचा, रडायचा. ती सोडत नव्हती. आधी शब्द, मग घास. डॉक्टर इतर नर्सांना तिचं उदाहरण द्यायला लागले. उकंडरावची बहीण सुभद्राबाई पाया पडायला वाकली. "बाई, तुमी देवासारख्या भेटल्या." सरस्वतीबाईनं पाय मागं घेतले.

शब्द जुळायला लागले तशी एका संध्याकाळी, भेटीच्या वेळेला, वॉर्ड माणसांनी भरलेला असताना ती त्याच्या खाटेशी उभी राहिली.

"बोला आता. त्या दिवशी काय केलं ते."

त्यानं बहिणीकडं पाहिलं. मग मान खाली घातली. "म्या... हिले मारलं. हिचा... कसूर नव्हता. आमीच... उशीर केला."

शेजारच्या खाटांवरची बोलणी थांबली. सुभद्राबाईनं पदर तोंडाला लावला.

"अजून एक राह्यलं," सरस्वतीबाई म्हणाली.

"माफ... कर."

"करा, म्हणा."

"करा."

ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं बायकांच्या वॉर्डात ड्यूटी मागून घेतली. नव्या नर्सला त्याच्याशी बोलत बसायला फुरसत नव्हती. उकंडराव पुन्हा खुणांवर आला.

सुभद्राबाई तिला शोधत आली. "बाई, तुमच्याबिगर त्याची जीभ वळून नाही राह्यली. काऊन सोडलं त्याले?"

सरस्वतीबाई चादरीची घडी घालत होती. "मले पाह्यजे होते तेवढे शब्द आले," ती म्हणाली आणि पुढच्या खाटेकडं गेली.