नाय म्हटलं आणि कुत्रा आला

चेन्नईत तीन वर्षं राहूनही मला कुत्र्याला तमिळमध्ये काय म्हणतात ते माहीत नव्हतं, आणि त्यामुळे माझ्या घरी कुत्रा आला.

खालच्या मजल्यावरचं कुटुंब मुलाकडे परदेशी निघालं होतं, कायमचं. दोन दिवस ठोकाठोक, खोक्यांची ओढाओढ. तिसऱ्या संध्याकाळी त्या घरातल्या बाई आमच्या दारात आल्या आणि डोळे पुसत तमिळमध्ये बराच वेळ बोलल्या. बदलीवर आलेला केंद्र सरकारी माणूस अशा वेळी जे करतो तेच मी केलं, समजल्यासारखी मान हलवत राहिलो. आवाजाबद्दल माफी मागतायत, असा माझा अंदाज. शेवटी त्यांनी काहीतरी विचारलं आणि थांबल्या. मी हात झटकत म्हटलं, "नाय, नाय." म्हणजे, त्रास कसला त्यात. आमच्या रायगडात 'नाही'तला 'ही' उच्चारायचे कष्ट कोण घेतो?

बाईंनी दोनदा हात जोडले. मला माझ्या मोठ्या मनाचं कौतुक वाटलं.

सकाळी दार उघडलं तर ग्रिलला साखळीने बांधलेला लॅब्रॅडॉर, त्याचं स्टीलचं ताट आणि अर्धी पिशवी खाणं. खालच्या दाराला कुलूप.

ऑफिसात एक वरिष्ठ आहेत, पिढ्यानपिढ्या तंजावरचे मराठी. त्यांनी विचारलं, "बाई 'पूनैया, नाया' म्हणाल्या काय?" असंच काहीतरी होतं. "मग बरोबर. मांजर ठेवता का कुत्रा, विचारलं त्यांनी. नाय म्हणजे कुत्रा. तुम्ही दोनदा सांगितलंत."

मांजर फुलवालीने नेलं होतं. बायको एवढंच म्हणाली, "अहो, बावीस वर्षं सांगतेय, नीट 'नाही' म्हणत जा."

कुत्रा तेरा वर्षांचा होता. एका डोळ्यात मोतीबिंदू झालेला, मागचे पाय फरशीवर फाकायचे. पहिल्या दिवशी त्याने ताटाला तोंड लावलं नाही. रात्रीच्या जेवणाला मी आमटीचा भुरका मारून "वा!" म्हटलं, तर म्हातारा चारी पायांची जुळवाजुळव करून उठला आणि टेबलापाशी आला. तमिळमध्ये 'वा' म्हणजे ये. त्याने मला हुंगलं, माणूस चुकीचा असल्याची खात्री केली आणि पुन्हा दाराशी जाऊन पडला. त्यानंतर आमच्याकडे स्वयंपाकाला दाद देणं बंद झालं.

रोज संध्याकाळी तो एकेक पायरी चाचपत खाली उतरायचा आणि त्या कुलपासमोर बसायचा. ऑफिसातल्या वरिष्ठांना दुभाष्या म्हणून लाइनवर घेऊन मी बाईंना फोन लावला. त्या रडल्या, दहीभात आवडतो म्हणाल्या, फोन त्याच्या कानाशी धरायला लावला. आवाज ऐकून तो दार खरवडत राहिला, नखातून रक्त येईपर्यंत. पुढच्या वेळी फोन कुणी उचलला नाही. खरं सांगायचं तर मलाही हायसं वाटलं.

मी त्याला घर शोधायला लागलो. प्राण्यांच्या आश्रमांना फोन केले. सगळे आधी वय विचारत. तेरा म्हटलं की पलीकडे पंख्याचा आवाज ऐकू येई. एका जागी म्हणाले, "पिल्लू असतं तर बघितलं असतं सर." मी तेवढ्यात सांगून टाकलं की स्वभावाने पिल्लूच आहे. माणूस हसलासुद्धा नाही.

मग कुणीतरी शहराबाहेर इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्याच्या वॉचमनचं सांगितलं, तो कुत्री ठेवून घेतो म्हणे. रविवारी मी आणि बायको कुत्र्याला गाडीत घालून गेलो. फाटकाबाहेर गाडी थांबताच पाच-सहा कुत्री धावत आली. गावठी नव्हती. एक पांढरा, केसांच्या जटा झालेला, एकाच्या गळ्यात अजून घुंगराचा पट्टा. भुंकलं कुणीच नाही. प्रत्येकाने खिडकीशी येऊन आमची तोंडं पाहिली आणि एकेक करून परत सावलीत जाऊन बसली. वॉचमन म्हणाला, "प्रत्येक गाडीला असंच करतात. लोक सोडून जातात, मी उरलेला भात घालतो. तुमचाही सोडा."

मी त्याला परत आणला, यात माझा मोठेपणा काही नाही. मागचं दार उघडून मी तीनदा 'पो' म्हटलं. 'जा'ला तमिळ शब्द तेवढ्यासाठी पाठ केला होता. तो उतरला नाही. उचलून ठेवायला मी वाकलो, तेव्हा बायको म्हणाली, "बसा गाडीत."

आता तो आमच्याकडे आहे. डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडं गेलीत, फार दिवस नाहीत. दहीभात दोन घास खातो. मी 'वा' म्हटलं तर कान हलवतो, उठत नाही. संध्याकाळ झाली की मात्र उठतो. आता पायऱ्या उतरवत नाहीत, म्हणून मी कडेवर घेऊन खाली नेतो, त्या दारासमोर ठेवतो आणि तासाभराने परत आणतो.

गेल्या महिन्यात त्या घरात नवे भाडेकरू आले. पहिल्याच संध्याकाळी गृहस्थांनी दार उघडलं, पायाशी कुत्रा पाहिला, मागे मी उभा. "हे काय?" त्यांनी तमिळमध्ये विचारलं. एवढं तमिळ आता मला कळायला लागलं होतं.

"नाय," मी म्हटलं. या वेळी शब्द बरोबर होता.

"नाय आहे ते दिसतंय. कुणाचं?"

"माझं."

दार उघडलेलं पाहून कुत्रा धडपडत उभा राहिला होता. त्याने त्यांचे पाय हुंगले, आत मान घालून हवा हुंगली आणि उंबऱ्यावर हनुवटी टेकून पुन्हा बसला. गृहस्थांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुमचं असतं तर तुमच्या दारात बसलं असतं."