गावातले मेजर

आमच्या गावात फौजेतून पेन्शनीत आलेल्या प्रत्येकाला मेजर म्हणतात. हुद्दा कुणी विचारत नाही. एसटीच्या टपावरून काळी ट्रंक खाली उतरली, की माणूस मेजर झाला.

परवा झेंडावंदनानंतर माजी सैनिकांचा सत्कार होता. लष्करी रुग्णालयात आयुष्यभर नर्स राहिलेल्या नलूताईंचं नाव पुकारलं. त्या नवऱ्याबरोबर पुढे गेल्या आणि सरपंचांनी फेटा थेट नवऱ्याच्या डोक्यावर ठेवला.

"अहो, मी शाळामास्तर!" ते फेटा काढत म्हणाले. "फौजेत ही होती."

लोक हसले. मागून कुणीतरी म्हणालं, "नर्सच ना? बंदूक कुठं धरली?"

पहिल्या रांगेतले तुकाराम मेजर काठी टेकत उठले. "मी हवालदार म्हणून पेन्शनीत आलो," ते म्हणाले. "हुद्द्यानं मेजर या आहेत." आणि त्यांनी नलूताईंना कडक सॅल्यूट ठोकला.

तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय. गोळी लागलेल्या पोरांच्या जखमा जिनं हातांनी दाबून धरल्या, तिनं बंदूक धरली का, हे विचारायला जीभ रेटते तरी कशी? जो शब्द गावानं सगळ्यांना सढळपणे वाटला, तो जिचा हक्काचा, तिला मात्र गाव मास्तरीणबाई म्हणतं. मी आता म्हणणार नाही.

आज सकाळी त्या चहाच्या टपरीवरून चालल्या होत्या. मी मुद्दाम मोठ्यानं हाक दिली, "राम राम, मेजर!"

बाकड्यावरच्या तीन म्हाताऱ्यांनी सवयीनं माना वर केल्या.

"तुम्हाला नाही," मी म्हटलं. "मेजरना म्हणतोय."