घमेलं, त्रिकोण आणि फुली

न्यायला कुणी आलंच नाही असे कपडे आम्ही वर्षभर सांभाळायचो आणि मग गरजूंना वाटून टाकायचो. किस्से मात्र वाटले तरी संपत नाहीत. दुकान बंद होऊन इतकी वर्षं झाली, पाय दुखायचे थांबले नाहीत आणि किस्सेही थांबले नाहीत!

विश्रामबागेत आमची लाँड्री होती, सत्तरच्या दशकात. धुणं ह्यांच्याकडं, इस्त्री शंकरअण्णांकडं आणि गिऱ्हाइकांशी वाद माझ्याकडं. अण्णा म्हसवडचे. फौजेत जवानांचे कपडे धुण्यात उमेदीची वर्षं गेली, मग आमच्याकडं आले. मी साताऱ्याची, म्हणजे वादाला मी कधी भ्यायले नव्हते. पण त्या लेबलांनी मला पार दमवलं.

तोवर कपडा म्हणजे सुती, रेशमी नाहीतर टेरिकॉट. मग कुणाचा भाऊ इंग्लंडात, कुणाचा मेहुणा जर्मनीत. तिकडून येणाऱ्या कपड्यांना आतून बोटभर पट्टी शिवलेली. तिच्यावर धड एक शब्द नाही. नुसती चित्रं!

"फौजेत बरं व्हतं," अण्णा म्हणायचे. "चिन्ह न्हाई, काय न्हाई. सायबाचा आवाज आला की समजायचं, काय करायचं न्हाई ते!"

*

पहिलं लेबल आलं ते कोयनानगरहून बदली होऊन आलेल्या एका इंजिनिअरच्या बायकोचं. निळा स्वेटर. लेबलावर पाण्याचं घमेलं आणि त्यात बुडवलेला हात.

बाई शांतपणे म्हणाल्या, "याचा अर्थ हातानं धुवा."

अण्णांनी इस्त्री थांबवली. "हातानं? बाई, मग आजपतूर आमी काय पायानं धूत व्हतो?"

*

इस्त्रीच्या चित्रात ठिपके असतात. एक ठिपका म्हणजे कोमट, तीन म्हणजे कडक. हे आम्हाला फार उशिरा कळलं. आमची इस्त्री कोळशाची, तिला कसले ठिपके!

एका शिक्षिकाबाईंचा नायलॉनचा ब्लाऊज आला. अण्णांनी लेबल उजेडात धरलं. इस्त्री, पोटात एक ठिपका. त्यांनी चिमट्यानं सगळे कोळसे बाहेर काढले आणि एकच निखारा आत ठेवला.

संध्याकाळी बाई आल्या. "अजून झाला नाही?"

"चाललाय की! एका निखाऱ्यावर हाय, येळ लागणारच."

गंमत अशी, की ब्लाऊज जळला नाही. मला मात्र त्या दिवशी तासभर बाईंशी गप्पा माराव्या लागल्या. त्यांच्या सासूबाईंची सगळी दुखणी मला अजून पाठ आहेत.

*

एक प्राध्यापक होते. कॉलेजात शिकवायचे आणि दुकानातही शिकवायचे. त्यांच्या शर्टाच्या लेबलावर एक चौकोन, चौकोनात गोल आणि त्या सगळ्यावर फुली.

प्राध्यापक म्हणाले, "चौकोन म्हणजे खिडकी. गोल म्हणजे सूर्य. अर्थात खिडकीतून येणाऱ्या उन्हात वाळवू नये."

ह्यांनी मान डोलावली. हे सगळ्यांनाच मान डोलवायचे.

अण्णांनी चष्मा चढवून बराच वेळ बघितलं. "सर, मला तर ह्यो कॅरम दिसतुया."

"मग?"

"मग काय, शर्ट घालून कॅरम खेळायचा न्हाई!"

प्राध्यापकांनी शर्ट उचलला आणि ते निघून गेले. पुढं कधीतरी कळलं, की ते कपडे वाळवायच्या मशिनचं चित्र होतं. अशी मशिनं तिकडं घराघरांत असतात म्हणे. आमच्याकडं वाळवायला दोरी होती, पण दोरीचं चित्र कुठल्याच लेबलावर नव्हतं.

*

हळदीचे एक व्यापारी होते. शांत माणूस, कधी आवाज चढवायचे नाहीत. त्यांच्या परदेशी कोटाच्या बाहीवर हळदीचा डाग पडला. ह्यांनी दोनदा पेट्रोलनं पुसला. डाग हलेना.

तिसऱ्यांदा त्यांनी कोट आणलाच नाही. महिन्याभरानं आले ते पुडकं घेऊन. उघडलं तर आत कोट, पण कोट कसला? बारशाला नेता येईल एवढा!

"अहो, हे काय झालं?"

"लेबल नीट बघितलं," ते म्हणाले. "गोल होता. गोलात इंग्रजी 'पी' होता. म्हटलं, पी म्हणजे पाणी. भिजत घातला."

तो पी ड्रायक्लीनचा होता! मी विचारलं, "पण डाग? तो तरी गेला?"

त्यांनी चिमुकली बाही उलगडून दाखवली. पिवळाधमक.

"कोट गेला," ते म्हणाले. "डाग आहे."

*

मग लेबलांची फॅशनच आली. आतली पट्टी सहज दिसावी म्हणून पोरं कॉलर उलटी करून फिरायला लागली! एकदा धुण्यात तीन शर्ट आणि एक पट्ट्यापट्ट्यांची चड्डी आली, चार वेगवेगळ्या घरांची. चौघांना एकच लेबल. चड्डीसकट सगळ्यांना सांगितलेलं, पाण्यात घालू नका!

चड्डी ड्रायक्लीन करायची वेळ माणसावर येते कधी? शेवटी बाजारपेठेतला एक टेलर स्वतःचा शर्ट घेऊन आला. त्यालाही तेच लेबल.

मी वैतागून म्हटलं, "आता तुम्हीच सांगा, हा कसा धुवायचा?"

"धुवा की कसा बी," टेलर म्हणाला. "लेबलं मीच लावतोय. मुंबईहून रीळच आणलंय!"

*

आणीबाणीतली गोष्ट. नसबंदीच्या धास्तीनं माणसं दवाखान्यासमोरून जायची नाहीत. भिंतीभिंतीवर कुटुंबनियोजनाचा तो लाल त्रिकोण. अशा दिवसांत वाळव्याकडचे एक ऊसवाले बागाईतदार स्वेटर घेऊन आले. त्यांच्या फौजेतल्या मेहुण्यानं कुठल्यातरी साहेबाकडून मिळवलेला. मी सवयीनं लेबल उलटून बघितलं. त्यांनीही बघितलं आणि एवढ्या धिप्पाड माणसाचा चेहरा उतरला.

"वैनी, हितं त्रिकोण कशापायी?"

"स्वेटर इंग्लंडचा आहे," मी म्हटलं.

"म्हंजे तिकडं बी सुरू झालं व्हय?"

मी समजवायला लागले, की हा त्रिकोण ब्लीचिंगचा आहे, डाग घालवायच्या पावडरीचा. ते ऐकेनात. शेवटी अण्णा पुढं आले.

"आवं, नीट बगा की. त्रिकोणावर फुली हाय. म्हंजे तुमाला माफ!"

बागाईतदारांनी लेबल जवळ घेऊन पुन्हा पुन्हा निरखलं. मग म्हणाले, "वैनी, कात्री द्या."

त्यांनी लेबल जपून कापलं, पाकिटात देवाच्या फोटोमागं ठेवलं. "स्वेटर कसा बी धुवा. कुणी अडवलं तर हे दावतो."

*

गुरुजी आमच्याच गल्लीत राहायचे. शाळेतून निवृत्त झालेले, बायको वारलेली. एकुलता मुलगा इंग्लंडला गेला आणि तिथं त्यानं न विचारता लग्न केलं. तेव्हापासून गुरुजींनी त्याला चार ओळींचं पत्रही धाडलं नव्हतं. मुलगा लिहायचा, गुरुजी उत्तर द्यायचे नाहीत.

एका थंडीत मुलानं कोट पाठवला. राखाडी, लोकरीचा, हात फिरवला तरी ऊब यावी असा. गुरुजी तो घेऊन दुकानात आले. लेबल बघितलं तर घमेल्यावर फुली, त्रिकोणावर फुली, इस्त्रीवर फुली, गोलावर फुली.

"गुरुजी, ह्याला काहीच करायचं नाही," मी म्हटलं.

"मग नुसता झटकून द्या. ट्रंकेत ठेवायचाय."

तेव्हापासून दर थंडीत गुरुजी कोट आणायचे. हे मऊ ब्रशनं झटकायचे, मी नव्या कागदात बांधून द्यायचे. गुरुजी स्वतः विरलेल्या शालीत कुडकुडत यायचे आणि तसेच जायचे.

अण्णांना एकदा राहवलं नाही. "गुर्जी, घालत का न्हाई वो?"

"लेबल वाचलंत ना? काहीच करायचं नाही."

पुढं कुणी विचारलं नाही. गुरुजींना काही विचारायची सोय नव्हती.

मग एका वर्षी गुरुजी भर उन्हाळ्यात आले. हातात तोच कोट. त्यांनी तो काउंटरवर पसरला. घड्या अजून कडक होत्या.

"मुलगा येतोय," ते म्हणाले. "सोमवारी, मिरजेला उतरतोय."

मला फार आनंद झाला. "हो का! मग झटकून ठेवते, रविवारी घेऊन जा. अगदी नवा आहे, गुरुजी."

"तेच," गुरुजी म्हणाले. "अगदी नवा आहे."

ते कोटाच्या कॉलरवर बोट फिरवत राहिले. मग खाली बघत हळू आवाजात म्हणाले, "वापरल्यासारखा करून मिळेल का?"

मी ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांच्या कोपरांवरून साबणाचं पाणी गळत होतं, पुसायचंही भान नव्हतं.

"दोन दिवस घालून बसलो घरात," गुरुजी म्हणाले. "नुसतं बसून तो मळत नाही."

अण्णांनी इस्त्री उभी करून ठेवली. दुकानात एवढा उकाडा, की भिंतीला हात लावला तर चटका बसावा. त्यांनी बनियनला हात पुसले आणि ते पुढं आले.

"द्या हिकडं."

त्यांनी कोट अंगात घातला, खालपासून वरपर्यंत सगळी बटणं लावली आणि पुन्हा इस्त्री उचलली.