आईनं परत केलेलं नाव

आम्ही पाटे-वरवंटे घडवणारे. बाजार बघून पाल टाकायचं, धंदा मंदावला की पुढचं गाव गाठायचं. आईचा नेम असा, की पाल उठवताना कुणाचं उसनं मागं ठेवायचं नाही. शेजारणीची पळी, दुकानदाराची गोणी, सगळं ज्याचं त्याला घरपोच. आम्ही तिची थट्टा करायचो, पण त्याच नेमामुळं गावोगाव तिला मान होता.

हिमायतनगरला थोरली बहीण चौथीत होती. मराठीचं पुस्तक तिला तोंडपाठ. मुक्काम हलायच्या दिवशी आईनं तिची पुस्तकं आणि धुतलेला गणवेश शाळेत परत केला. वर म्हणाली, "पोरीचं नावबी कमी करा गुरुजी. आमचं काही मागं राह्याला नको."

गुरुजींनी नाव कमी केलं. दाखला मागून घ्यायचा असतो हे आईला ठाऊक नव्हतं, आणि तो द्यावा हे गुरुजींना सुचलं नाही. मला त्यांचा राग अजून येतो.

पुढच्या मुक्कामी, मुरुडच्या शाळेत विचारलं, दाखला कुठाय? राहता कुठं? पालात म्हटल्यावर मुख्याध्यापक म्हणाले, "आधी पत्ता आणा, मग बघू." पालाचा पत्ता आई कुठून आणणार? हेलपाटे घालून ती थकली. बहिणीनं छिन्नी हातात घेतली आणि पाट्यांना टाकी लावायला बसली.

पुढं दुसऱ्या गावी शाळेतल्या एक बाई पालावर आल्या आणि दाखला, पत्ता काही न मागता मला शाळेत घेऊन गेल्या. बहिणीलाही त्यांनी बोलावलं. "आता लाज वाटती," म्हणून ती उठली नाही. मी शिकले, नांदेडला नोकरीला लागले. ती पालातच राहिली. माझ्याहून ती हुशार होती, हे मी कुणालाही सांगते. त्याचा आता उपयोग नाही.

यंदा तिच्या लेकीला घेऊन आम्ही शाळेत गेलो. "दाखला न्हाई, पत्ता न्हाई," बहिणीनं आत शिरतानाच सांगून टाकलं.

"काही लागत नाही," तिथल्या बाई म्हणाल्या. "वयाप्रमाणे वर्गात बसवायचं, असा कायदाच आहे." पोर मागं वळूनही न बघता वर्गात गेली.

फाटकाशी बहीण थांबली. "ह्यो कायदा मी चौथीत व्हते तवा व्हता का?"

खोटं बोलावंसं फार वाटलं, पण बोलले नाही. "हाव," मी म्हणाले, "होता."

तिनं लेकीच्या वर्गाकडं एकदा बघितलं. मग म्हणाली, "आईला सांगू नको. ती सवताला दोष देत बसंल."