कंप्युटर थंड करण्याचे चार उपाय

मार्चमधला शेवटचा रविवार, सकाळी नऊ. हजर: मी, माझी मुलगी, सासूबाई. दीर अकराला आले. यजमान लग्नासाठी बार्शीला, म्हणून गैरहजर.

नोंदी ठेवायची सवय मला कचेरीतल्या नोकरीनं लावली. त्या दिवसाचं वहीतलं पान आहे, म्हणून हे क्रमानं सांगता येतं.

मुलगी घरांची चित्रं करते. न बांधलेलं घर बांधल्यावर कसं दिसेल, ते कंप्युटरवर हुबेहूब दाखवते. पुण्यात दोन वर्षं कॉट बेसिसवर राहून, मेसच्या जेवणानं पोट बिघडवून ती आमच्या गावी, ढोकीला, परत आली होती. एका आर्किटेक्ट बाईंनी तिला घरून काम द्यायची तयारी दाखवली; नमुना मात्र सोमवारी संध्याकाळपर्यंत हवा होता. जमलं तर वर्षभराचं काम घरी बसून, नाही तर जूनमध्ये पुन्हा ती कॉट.

काम लवकर उरकावं म्हणून तिनं प्रोसेसर ओव्हरक्लॉक केला होता, म्हणजे कंपनीनं ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त पळवत होती. पत्र्याच्या खोलीत तो अर्ध्या तासात तापायचा आणि कंप्युटर आपोआप बंद पडायचा.

मी वहीत चार उपाय लिहिले. एक, कॅबिनेटचं झाकण काढून खोलीतला कूलर समोर लावणं. दोन, प्रोसेसरवर मोठा पंखा. तीन, नळ्यांतून पाणी फिरवणारं लिक्विड कूलिंग. चार, वेग कमी करणं. मुलीला तिसरा हवा होता. सासूबाई शेंगा फोडत ऐकत होत्या.

"आता त्याला पानी बी पाजायचं व्हय?"

"आज्जी, ते नळीतच फिरतं. बाहेर येत न्हाय."

"आपल्या मोटारीचं बी पायपातनंच येतंय की. तरी वावरात जागोजागी चिखल हाय."

पहिला उपाय घरातच होता, म्हणून मी तो आधी घेतला. कूलर ओढून आणला, टाकी भरली. तापमानाचा आकडा झरझर उतरला आणि मी वहीत बरोबरची खूण केली. पाऊण तासानं स्क्रीन काळी झाली. बटण दाबलं, काही नाही. आत वाकून पाहिलं तर सगळीकडं बारीक थेंब. कूलर हवेबरोबर ओल फेकतो, हे दर उन्हाळ्यात अंगावर घेऊनही मला सुचलं नव्हतं. मुलीनं कूलर बंद करून भिंतीकडं ढकलला. माझ्यावर रागावली असती तर बरं वाटलं असतं.

दिरांचं चौकात ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज आहे. मी फोन केला.

"वायर काढा, वहिनी, अन् आता बटनाला हात लावू नका," ते म्हणाले आणि ब्लोअर घेऊन आले.

थेंब वाळवता वाळवता त्यांनी पुतणीला ओव्हरक्लॉक म्हणजे काय ते विचारलं. तिनं सांगितलं.

"म्हंजी डिझेलचा पंप वाढवलाय. दोन ट्रॉल्या वढायला ट्रॅक्टरवाले तेच करत्यात. मग रेडिएटर कुणी बघायचा?"

त्यांनी प्रोसेसरवरचा छोटा पंखा काढला. खालच्या बारीक पात्यांमध्ये काजळी दाबलेल्या कापसासारखी घट्ट बसलेली. साखर कारखान्याच्या धुराड्यातून उडते ती, वाळत घातलेल्या कपड्यांवर रोज पडणारी. कपडे मी झटकते. इथं कुणी पाहिलंच नव्हतं.

"काका, मग लिक्विडच बसवूया ना," मुलगी म्हणाली.

"त्याला बी रेडिएटर असतोय का?"

"असतो."

"मग काजळी त्यात बी बसंल. अन् त्याचा पंप बिघडला तर न्यायचा कुठं? पुण्याला?"

"पुणं सोडून कुठंही," ती म्हणाली आणि सकाळपासून पहिल्यांदा हसली.

ठरलं: दुसरा उपाय, आणि जोडीला चौथा थोडासा. धाराशिवच्या दुकानदारानं मोठा पंखा जीपवाल्याच्या हाती पाठवला. तोवर आतला भाग चार तास कोरडा केला. चारला पंखा बसला. बटण तिनंच दाबलं. मी सासूबाईंच्या शेजारी बसून उगाच टरफलं गोळा करत होते. हिरवा दिवा लागला. "लागला गं!" सासूबाई माझ्याआधी ओरडल्या. पूर्वी शंभराला टेकणारा आकडा ऐंशीच्या खालीच राहिला.

नमुना सोमवारी दुपारी गेला. संध्याकाळी बाईंचा निरोप आला: काम आवडलं, पुढच्या घराचे नकाशे बुधवारी पाठवते. मी दोनदा वाचून घेतला. त्या रात्री मला गाढ झोप लागली.

वहीत एक काम उरलं आहे. नवा पंखा कॅबिनेटपेक्षा दोन बोटं उंच निघाला, त्यामुळं झाकण बसत नाही. सध्या तिथं काजळी अडवायला जुन्या सुती साडीचा पातळ तुकडा ताणून बांधला आहे. दीर झाकणाला फुगवटा काढून देणार आहेत. माप मी त्यांना दोनदा लिहून दिलं. झाकण अजून पलंगाखालीच आहे.